सातशे चव्वेचाळीसावं घर निश्चिंत आहे

साथीच्या पाचव्या आठवड्यात शहरातले सगळ्यांत निश्चिंत लोक कोण होते, तर जे वारले होते ते. विधान खोडसाळ वाटेल, पण त्याला आकडेवारीचा आधार आहे. ही आकडेवारी दुसऱ्या मजल्यावरच्या लोकमत कचेरीनं रीतसर फोन करून, तीन प्रतींत जमवली होती.

कचेरी मूळची साबणाची. म्हणजे साबण करणारी नव्हे, साबणाबद्दल विचारणारी. बाराशे घरांची एक कायमची यादी होती आणि त्या घरांना वर्षानुवर्षं फोन जात: फेस पुरेसा येतो का, वास रेंगाळतो का, वडी हातातून निसटते का. साथ आली आणि साबण न विचारता खपू लागला. साबणवाल्यांना लोकमताची गरज उरली नाही. कचेरीला टाळं लागायचं, तेवढ्यात शहराच्या समितीनं काम दिलं: त्याच बाराशे घरांना दर आठवड्याला फोन करा आणि विचारा, ‘तुमच्या मते ही साथ कशी ठरेल? सौम्य, मध्यम की तीव्र?’

समितीचं म्हणणं साधं होतं. डॉक्टरांचं एकमेकांशी पटत नाही, एक म्हणतो ओसरली, दुसरा म्हणतो आता कुठे सुरुवात आहे. त्यापेक्षा लोकांनाच विचारावं. ‘तीव्र’ म्हणणारे शंभरात किती, त्याला नाव पडलं चिंता-टक्का. आणि ठराव झाला की चिंता-टक्का चाळिसाच्या खाली उतरला, की तात्पुरते रुग्णकक्ष बंद करून जागा मूळ मालकांच्या ताब्यात द्याव्यात.

कचेरीचे प्रमुख टक्केसाहेब. हे आडनाव नव्हे. बायको कशी आहे म्हणून विचारलं तरी ‘नव्वद टक्के बरी’ असं सांगणारा माणूस. दुसरं नाव कुणाला सुचणार? साथीमुळे ते रोज टीव्हीवर दिसत आणि वीस तारखेनंतर उतार लागेल असं ठामपणे सांगत. कोणत्या महिन्याची वीस, हे सांगत नसत.

फोनवर तिघं बसत. गणिताचा एक मास्तर होता, शाळा बंद पडली म्हणून इथे आलेला. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. एक नवी मुलगी होती. आवाज इतका बारीक, की पहिल्याच दिवशी तिची चिमणी झाली. आणि मावशी. मावशींना बावीस वर्षं झाली होती. सगळे त्यांना मावशीच म्हणत, त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे असलेले टक्केसाहेबसुद्धा.

लोकमत म्हणजे काय चीज असते, ते फोन कानाला लावून बसल्याशिवाय कळत नाही.

‘‘आमच्या गल्लीत नाही यायची,’’ एक बाई खात्रीनं सांगायच्या. ‘‘गल्ली फार अरुंद आहे.’’

‘‘तीव्र,’’ एक गृहस्थ म्हणाले, ‘‘पण आम्हाला नाही. वरच्या मजल्यावर.’’

केशकर्तनालयवाल्याला तर घाम फुटायचा. ‘‘अहो, तीव्र म्हटलं तर गिऱ्हाईक येत नाही, सौम्य म्हटलं तर मास्क न लावता येऊन तोंडावर खोकतं. मध्यम लिहा. बारीक मध्यम.’’

एक घड्याळजी होते यादीत, अनुक्रमांक दोनशे सहा. त्यांनी बावीस वर्षांत प्रत्येक प्रश्नाला ‘मध्यम’ एवढंच उत्तर दिलं होतं. फेस मध्यम, वास मध्यम, साथ मध्यम. मावशी त्यांचा फॉर्म फोन लावायच्या आधीच भरून ठेवत आणि मग फक्त तब्येतीची विचारपूस करत.

मावशींची थोरली बहीण माई. निवृत्त मुख्याध्यापिका, लग्न केलं नाही, एकटी राहायची. तिच्यासमोर मावशी चोपन्नाव्या वर्षीही ‘छोटे’ होत्या. साथीच्या तिसऱ्या आठवड्यात माईला धाप लागली आणि तिला बॅडमिंटनच्या बंदिस्त सभागृहात हलवलं. तिथे साठ खाटा टाकल्या होत्या. जमिनीवर कोर्टाच्या पांढऱ्या रेघा तशाच होत्या. माईची खाट एकतीस नंबरची, बरोबर सर्व्हिसच्या रेघेवर. भिंतीवरचा गुणफलक कुणी बंद केला नव्हता. तो रात्रंदिवस शून्य-शून्य दाखवायचा.

नातेवाइकांना भेटायला आत सोडत नसत. मावशी रोज सकाळी कामावर येण्याआधी सभागृहाच्या काचेशी उभ्या राहत, माई आतून फोन करी. ऑक्सिजनच्या नळीमुळे ती टपालातल्या जुन्या तारेसारखं, शब्द मोजून तुटक बोलायची.

‘‘छोटे. जेवलीस?’’

‘‘माझं सोड. तू कशी आहेस?’’

‘‘मुलं... दंगा करतात.’’ मुलं म्हणजे आजूबाजूच्या खाटांवरचे साठ-सत्तर वर्षांचे रुग्ण. ‘‘बत्तीस नंबर... नळी काढतो. दोनदा... ओरडले.’’

बुधवारी सकाळी नर्सबाई दाराशी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मास्कचे वळ उठले होते.

‘‘तुम्ही एकतीसच्या बहीण ना? घरी ऑक्सिजनची सोय बघून ठेवा.’’

‘‘सोडताय तिला?’’

‘‘आम्ही कशाला सोडतोय! हिला अजून दोन आठवडे नळी लागेल. पण शुक्रवारी सभागृह रिकामं करा असा निरोप आहे. क्लबवाल्यांना लाकडी फरशी पॉलिश करायची आहे. उद्या चारला समिती बसेल. चिंता-टक्का या वेळी चाळिसाखाली जाणार म्हणतात.’’

‘‘आणि सोय नाही झाली तर?’’

नर्सबाई मास्क चढवून आत वळल्या. त्यांना उत्तर येत नव्हतं असं नाही.

मावशी कचेरीत आल्या त्या तोंड घट्ट मिटून. आठवड्याचे फोन बुधवारी दुपारी संपत. मग चिमणीचे आणि प्रोफेसरचे फॉर्म तपासून, सही करून संगणकाकडे द्यायचं काम मावशींचं. दीड वाजता त्या चिमणीचा गठ्ठा चाळत होत्या. सातशे चव्वेचाळीस नंबरचा फॉर्म वर आला. चिमणीच्या गोल अक्षरात: तीन वेळा फोन केला, उत्तर नाही. रकान्यात आकडा, ९.

मागच्या दोन आठवड्यांसारखाच मावशींनी सवयीनं फॉर्म पुढे सरकवला आणि या वेळी परत मागे ओढला.

सातशे चव्वेचाळीस म्हणजे माईचं घर. पंधरा वर्षांपूर्वी यादीत एक घर कमी पडत होतं, तेव्हा त्यांनीच ते घातलं होतं. रिकाम्या घरात फोन तीनदा वाजला होता. उचलणारी सभागृहात होती.

‘‘चिमणे, हा बघ ना संगणकात. निकाल काय दाखवतोय?’’

चिमणीनं बोटं चालवली. ‘‘सातशे चव्वेचाळीस... निश्चिंत.’’

‘‘काय?’’

‘‘निश्चिंत, मावशी. नऊ आकडा टाकला की तो आपोआप निश्चिंतमध्ये जातो. नियमच आहे ना तसा.’’

नियम होता. नियमवहीत, नवव्या क्रमांकावर: ‘तीनदा फोन करूनही उत्तर न आल्यास तक्रार नाही असे समजावे.’ आणि हा नियम कुणी काढला, हे कचेरीत फक्त एका माणसाला ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, न उचललेल्या फोनांचा ढीग साचला होता आणि साबणवाला दारात पाय आपटत होता. तेव्हा बत्तीस वर्षांच्या एका चुणचुणीत बाईनं म्हटलं होतं, ‘साहेब, ज्याला तक्रार असते तो फोन उचलतो. न उचलणारा खूशच समजा.’ सगळे वाहवा म्हणाले. ढीग दहा मिनिटांत संपला. बाईंना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं. ते अजून तिथेच होतं आणि पाच मिनिटं मागे चालत होतं.

मावशींनी मागच्या चार आठवड्यांचे तक्ते काढले. पहिल्या आठवड्यात उत्तर न देणारी घरं शहाण्णव. मग दोनशे तीन. मग तीनशे अठरा, तीनशे चोपन्न. या आठवड्यात चारशे बारा. लोक आजारी पडत होते, रुग्णालयात जात होते, मरत होते, आणि घरोघरचे फोन वाजून वाजून गप्प होत होते. प्रत्येक गप्प फोनागणिक शहर अधिकाधिक निश्चिंत होत होतं. आलेखाची रेघ कशी सुरेख खाली उतरत होती! टक्केसाहेब ती टीव्हीवर काठीनं दाखवत.

‘‘प्रोफेसर,’’ मावशींचा आवाज अगदी साधा होता, ‘‘ज्यांनी उत्तर दिलं तेवढ्यांचाच हिशेब करा बरं. तीव्र म्हणणारे चारशे तेहतीस. उत्तर देणारे सातशे अठ्ठ्याऐंशी.’’

प्रोफेसरांनी कागदावर भागाकार केला. ‘‘पंचावन्न टक्के.’’

‘‘आणि बाराशेंना भागलं तर?’’

‘‘छत्तीस.’’ मग त्यांनी चष्मा काढला. ‘‘अरे बापरे.’’

‘‘पहिल्या आठवड्याचं करा.’’

तिथे उत्तर देणाऱ्यांत एक्कावन्न टक्के निघाले. म्हणजे चिंता उतरली नव्हतीच, चढली होती. उतरले होते ते फोन उचलणारे हात.

मावशींच्या डोक्यात तिडीक गेली. ती नेमकी कुणावर, हे त्यांना लगेच कळेना. समितीवर, साहेबांवर, क्लबवाल्यांच्या फरशीवर, सगळ्यांवर ती थोडी थोडी जाऊन आली आणि शेवटी घड्याळाकडे बघत थांबली.

टक्केसाहेबांच्या खोलीत त्या न विचारता शिरल्या. साहेब आरशासमोर उद्याच्या टीव्हीची टाय बांधून बघत होते.

‘‘साहेब, हे आकडे खोटे आहेत.’’

‘‘मावशी, आकडे खोटे नसतात. फार तर माणसं कमी पडतात.’’

‘‘माणसं मेलीत म्हणून कमी पडलीत. आपण मेलेल्यांना निश्चिंत धरतोय.’’

टक्केसाहेब मूर्ख नव्हते. त्यांना पाच सेकंदांत सगळं कळलं. सहाव्या सेकंदाला त्यांनी टायची गाठ सारखी केली.

‘‘नियम क्रमांक नऊ. कुणाचा आहे तो?’’

‘‘माझा.’’

‘‘मग?’’

‘‘साबणाचा होता हो तो! वडी निसटते की नाही एवढंच ठरत होतं त्यावर. आता त्यावर साठ खाटा उचलल्या जाणार आहेत. त्यांतली एक माझ्या बहिणीची आहे.’’

‘‘मला सहानुभूती आहे. शंभर टक्के आहे.’’ साहेब खुर्चीत बसले. ‘‘पण मधेच पद्धत बदलली तर मालिका तुटते. पाच आठवड्यांची मालिका आहे मावशी! मागचे आकडे पुढच्यांशी जुळणार नाहीत. लोक म्हणतील, चार आठवडे झोपला होतात का?’’

‘‘होतोच की.’’

‘‘हे टीव्हीवर कोण सांगणार?’’

‘‘टाय छान बसलीये तुमची,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘तुम्हीच सांगा.’’

बाहेर येऊन त्यांनी नियमवही काढली. काळ्या पुठ्ठ्याची जाडजूड वही, कचेरी काढणाऱ्या म्हाताऱ्या मालकांच्या हातची. टक्केसाहेबांचा तिच्यावर फार जीव. दर सोमवारी सगळ्यांना उभं करून ते तिच्यातलं एक पान मोठ्यानं वाचायला लावत. त्यामुळे पहिलं पान मावशींना तोंडपाठ होतं, तरी त्यांनी ते बोट ठेवून वाचलं: ‘नियम सुचवणाऱ्यास कारण लिहून तो बदलता येईल. बदल त्याच दिवसापासून लागू.’ बावीस वर्षांत कुणी काही बदललं नव्हतं. म्हातारे वारले होते, त्यांचे नियम कुणाला विचारायचे म्हणून जिवंत होते.

‘‘सोप्पं आहे,’’ प्रोफेसर कुजबुजले. ते कधी नव्हे ते पेटले होते. ‘‘नऊ म्हणजे तीव्र, असं करून टाका. चारशे बारा अधिक चारशे तेहतीस, भागिले बाराशे, सत्तर टक्के! समितीची पाचावर धारण बसेल. खाटा साठच्या सहाशे करतील.’’

मावशी पेन उचलून थांबल्या. सत्तर आकडा मोठा गोड होता. माई दोन आठवडे काय, दोन महिने निवांत पडली असती.

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या.

‘‘का नाही?’’

‘‘एकदा मी गप्प माणसाच्या तोंडात शब्द घातलाय. त्याचं घड्याळ मिळालं. आता दुसरा घालू? आधी विचारू तरी, ते गप्प का आहेत.’’

‘‘पण ते फोनच उचलत नाहीत ना?’’ चिमणी म्हणाली.

‘‘दुसरा नंबर.’’

फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती, ‘नमुन्याची वडी पोचवण्यासाठी दुसरा क्रमांक’. शेजाऱ्याचा, मुलाचा, जावयाचा, कुणाचा तरी. त्या वडीसाठी लोकांनी तो नंबर इतका काळजीपूर्वक लिहिला होता, जितका स्वतःचा रक्तगट लिहिला नसता.

चारशे बारा नंबर, तिघं, आणि उद्या दुपारी बारापर्यंतची मुदत. त्यांनी गठ्ठे वाटून घेतले.

आधी चिमणीचा आवाज ऐकू यायचा, ‘‘नमस्कार, लोकमत कचेरीतून बोलतेय, आपले शेजारी फोन उचलत नाहीत म्हणून चौकशी...’’ मग तो हळूहळू लहान होत गेला. तासाभरात ती फक्त ‘‘हो’’, ‘‘कधी?’’, ‘‘बरं’’ एवढंच म्हणायला लागली. फॉर्मच्या मागे लिहायला लागली.

एका जावयानं सगळ्यांची हजेरी घेतली. ‘‘सासरे घरीच आहेत, ठणठणीत. तुमचाच नंबर बघून उचलत नाहीत. पंधरा वर्षं साबण विचारलात त्यांना. त्यांना अंगाला खाज येते तुमच्या नावानं.’’

‘‘धडधाकट आहेत ना? मग खाजू दे,’’ मावशी म्हणाल्या आणि खूण केली. दिवसभरात त्या तेवढ्या एकदाच हसल्या.

पावणेचारला प्रोफेसरांनी दोनशे सहा लावला. घड्याळजींचा दुसरा नंबर मुलीचा होता. मावशी समोरूनच ऐकत होत्या.

‘‘नाही, मी... तसं विशेष काही नाही. दर आठवड्याला ते उत्तर द्यायचे आम्हाला,’’ प्रोफेसर म्हणाले आणि बराच वेळ ऐकत राहिले. ‘‘मागच्या मंगळवारी? ...खाट मिळाली नाही. ...हो. ...तीन ठिकाणी. ...हो, ऐकतोय मी.’’ मग फोन ठेवून त्यांनी फॉर्म मावशींपुढे सरकवला. मागच्या आठवड्याचा छापील निकालही सोबत होता. मागच्या मंगळवारी वारलेले घड्याळजी मागच्या बुधवारी निश्चिंत होते.

‘‘मुलगी विचारत होती,’’ प्रोफेसर म्हणाले, ‘‘बाबांना काही विचारायचं राहिलं होतं का?’’

गुरुवारी सकाळी अकरा वाजता गठ्ठे संपले. दोनशे सत्त्याण्णव घरांचा पत्ता लागला होता. रुग्णालयात एकशे एकवीस. घरातच आजारी, बोलता न येणारे चौसष्ट. दुसऱ्या गावी गेलेले बावन्न. बिघडलेले फोन, बहिरे कान आणि साबणावर रुसलेले मिळून बावीस. आणि अडतीस वारलेले. उरलेल्या एकशे पंधरांचा दुसरा नंबरही वाजत राहिला.

मावशींनी नियमवही उघडली, नवव्या नियमावर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘ज्याने उत्तर दिले नाही, त्याने उत्तर दिले नाही असे समजावे.’ कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘आधीचा नियम चुकीचा होता. मी काढला होता.’ खाली सही आणि तारीख. मग त्यांनी वही टक्केसाहेबांच्या टेबलावर उघडी ठेवली.

साहेबांनी ती दोनदा वाचली. पहिलं पानही उलटून बघितलं. ते पान याच सोमवारपर्यंत ते स्वतःच मोठ्यानं वाचायला लावत होते. माणूस स्वतःच्याच काठीनं असा क्वचितच मार खातो. त्यांनी कळवळून सही केली.

‘‘पण समितीपुढे मी बोलणार नाही. तुमचा नियम आहे, तुम्हीच या आणि सांगा.’’

त्यांना वाटलं होतं, बाई घाबरतील. मावशींनी स्टूल ओढलं, वर चढल्या, बक्षिसाचं घड्याळ काढलं आणि साहेबांच्या टेबलावर पालथं ठेवलं.

‘‘चारला सभा आहे. उशीर नको. हे पाच मिनिटं मागे आहे.’’

समितीची खोली मोठी आणि गार होती. लांब टेबलाच्या वरच्या टोकाला अध्यक्ष. ते बॅडमिंटन क्लबचेही अध्यक्ष होते, पण त्याचा कामाशी काही संबंध नाही असं त्यांनी दोन सभांत नोंदवून घेतलं होतं. खालच्या टोकाला, दाराजवळ, सभागृहाचा डॉक्टर बसला होता. डोळे खोल गेलेले, हातात एक मळकी वही. त्याला दर सभेला बोलावत. बोलायला कधी सांगितलं नव्हतं.

‘‘पंचावन्न?’’ अध्यक्षांनी कागद लांब धरला. ‘‘मागच्या आठवड्यात एक्केचाळीस होते. एका आठवड्यात शहर एवढं घाबरलं? अफवा कोण पसरवतंय?’’

‘‘शहर तेच आहे,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘आमची मोजणी चुकत होती. न बोलणाऱ्यांना आम्ही खूश धरत होतो.’’

‘‘असे आकडे मधेच बदलता येत नाहीत, बाई. मालिका असते.’’

टक्केसाहेब नकळत मान हलवून गेले.

‘‘आणि तसं म्हटलं तर,’’ अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, ‘‘जे फोन उचलत नाहीत, ते कामात असतील. बाजारात असतील. जनजीवन सुरळीत होतंय याचंच हे लक्षण नाही का?’’

मावशींनी तिथवर आवाज चढवला नव्हता. बावीस वर्षं फोनवर बोलून त्यांचा आवाज लोण्यासारखा झाला होता. तो आता फाटला.

‘‘दोनशे सहा नंबरचे घड्याळजी कामात नाहीत. वारलेत. तीन ठिकाणी खाट मागून वारलेत. मागच्या आठवड्यात आम्ही त्यांना तुमच्या कागदावर निश्चिंत लिहिलं, तुम्ही तो कागद फाइलला लावलात. असे अडतीस आहेत. वाचू नावं? वाचतेच.’’

‘‘अहो, नमुना म्हणून हे—’’

‘‘नमुना नाही, माणसं! सातशे चव्वेचाळीस माझी बहीण. तुमच्या क्लबात सर्व्हिसच्या रेघेवर आडवी आहे. उद्या तिला उचलून घरी पाठवाल, घरी नळी नाही, आणि पुढच्या बुधवारी तिच्या घरी फोन वाजेल, आणि तीसुद्धा फार फार निश्चिंत होईल! आमचं चुकलं, माझं चुकलं, मी मूर्ख, साबणवाली. पण तुम्ही? इथून सभागृह किती लांब आहे?’’

अध्यक्ष कागद चाळू लागले.

‘‘पायी दहा मिनिटं आहे,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘बाराशे घरांना कशाला विचारत बसलात? दार उघडून बघायचं ना! साठ खाटा आहेत. बोटावर मोजता येतात, दमलात तर माझी बोटं देते.’’ त्या दाराकडे वळल्या. ‘‘डॉक्टर, आज किती भरल्यात?’’

डॉक्टर दचकला. एवढ्या आठवड्यांत त्याला या खोलीत प्रथमच कुणी काही विचारलं होतं. त्याला वही उघडायची गरज पडली नाही.

‘‘साठ,’’ तो म्हणाला. ‘‘आणि दाराबाहेर बाकावर नऊ.’’

अध्यक्षांनी डॉक्टरांच्या आकड्याची नोंद घेतली नाही, कारण तो विषयपत्रिकेवर नव्हता. पण पंचावन्न होता, आणि ठराव त्यांचाच होता. पाऊण तासानं समितीनं निर्णय दिला: ‘लोकभावनेचा आदर करून’ सभागृह आणखी तीन आठवडे चालू ठेवावं. पत्रकात रुग्ण हा शब्द नव्हता. टक्केसाहेबांनी त्याच संध्याकाळी टीव्हीवर काठीनं दाखवलं की चिंता अशी एकाएकी का वाढते, आणि पुढच्या वीस तारखेनंतर ती कशी उतरेल.

मावशींना शिस्तभंगाचं पत्र आलं. मालिका तोडल्याबद्दल. त्या वाचून घडी घालून रजेवर गेल्या.

माई चौदा दिवसांनी घरी आली. दोन पावलं चालली की भिंत धरायची, पण नळीशिवाय. घड्याळजींची मुलगी, बाकावरचे नऊ जण, यांचं काय झालं ते कुणी मोजलं नाही. त्यांना फोन करायचं कारण नव्हतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी माईच्या घरातला फोन वाजला. मावशी उचलायला धावल्या.

‘‘थांब,’’ माई म्हणाली. ‘‘माझं... घर आहे.’’ भिंत धरत ती पोचली तेव्हा चौथी घंटा संपत आली होती.

‘‘नमस्कार, लोकमत कचेरीतून बोलतेय,’’ पलीकडून बारीक आवाज आला. ‘‘सातशे चव्वेचाळीस नंबर का? आजी, तुमच्या मते ही साथ कशी ठरेल? सौम्य, मध्यम की तीव्र?’’

माईनं श्वास घेतला. तो सगळा आत जायला वेळ लागत होता. दहा सेकंद गेले. वीस गेले. चिमणी थांबून राहिली. तिनं नऊ लिहिला नाही.

‘‘आजी... कुणाची?’’ माई म्हणाली. ‘‘लिहून घे.’’

‘‘हो. कुठलं लिहू?’’

‘‘तिन्ही नाही. मी... सांगते ते.’’

‘‘मग ‘इतर’मध्ये लिहावं लागेल. तिथे एकच ओळ मावते हो.’’

‘‘मागे... लिही. कागदाला... मागची बाजू... असते.’’

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मावशी शेजारी उभ्या होत्या. माईचा हात रिसीव्हरवर पांढरा पडला होता, पण त्यांनी तो धरला नाही. वर्गात मुख्याध्यापिकाबाई सांगत असताना हात धरायचा नसतो.

‘‘एकतीस नंबरच्या... खाटेवरून,’’ माई एकेक शब्द ठेवत म्हणाली, ‘‘दार... समोर दिसतं. चार आठवडे... मी दाराकडे... बघत होते. तुम्ही... अंदाज बांधत होतात. दार... उघडंच होतं. बघायला... तुमच्यातलं... कुणी... आलं नाही.’’

चिमणीचं पेन चालत राहिलं. मग थांबलं.

‘‘झालं?’’

‘‘वाच.’’

चिमणीनं वाचून दाखवलं.

माईनं पुन्हा श्वास घेतला. पूर्ण घेतला.

‘‘‘कुणी’खाली,’’ ती म्हणाली, ‘‘रेघ मार. जाड.’’